टेकडी खाली आली तेव्हा

पाणी ओसरून चार दिवस झाले होते. शाळेच्या मावशी सकाळपासून वर्गांतला गाळ उपसत होत्या. फावड्याने ओढून दाराशी आणायचा, घमेल्यात भरायचा आणि गल्लीकडच्या दाराने बाहेर नेऊन टाकायचा. गाळात नुसती माती नव्हती. झाडांची मुळं होती, कोणाची तरी एक चप्पल, पातेल्याचं झाकण, अर्धी खिडकी. टेकडीचा अख्खा उतार एका रात्रीत घसरून गावात आला होता.

सहा वर्षांपूर्वी लढाई संपली तेव्हा या भिंतींची चाळण झाली होती. गोळ्यांची भोकं बुजवायला दोन वर्षं गेली, छप्पर व्हायला आणखी एक. गेल्या वर्षी कुठे नवे फळे आले होते. मावशींनी ते स्वतःच्या हाताने भिंतीला लावून घेतले होते. आता त्यांच्यावर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

फावडं धुवायला म्हणून मावशी मैदानात उतरल्या. हातपंप तीसेक पावलांवर. दहा-बारा पावलं गेल्या असतील, तोच वाळून तडकलेल्या गाळातून वर आलेली एक कड त्यांना दिसली. बुटांच्या पॉलिशच्या डबीसारखी गोल, पण तिच्याहून मोठी, हिरवट.

मावशींचा उचललेला पाय तसाच राहिला. तो त्यांनी जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. मग मान वळवून, आपल्याच पावलांच्या ठशांत एकेक पाऊल मागे टाकत त्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आल्या. तिथे आल्यावर त्या खाली बसल्या.

तो सुरुंग आहे, हे त्यांना कोणी सांगायला लागलं नाही. त्यांचे यजमान लाकडं आणायला टेकडीवर गेले असताना अशाच एका सुरुंगावर पाय पडून वारले, ते लढाई संपल्याचं रेडिओवर सांगितल्यानंतर अकरा महिन्यांनी. म्हणून लढाईत गेलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही. यादी करणाऱ्या कारकुनाने तारीख पाहिली आणि म्हणाला, "बाई, तेव्हा शांतता होती."

भावाचं ते तसं झाल्यावर मावशींचा धाकटा दीर सुरुंग काढणाऱ्या पथकात गेला. तीन वर्षं काम केलं, तीन बोटं गमावली आणि घरी बसला. गाव त्याला तोंडावरच सातबोटे म्हणे आणि तोही हाकेला ओ देई. मावशींनी त्याला बोलावून आणलं. तो मैदानात उतरलाच नाही. कुंपणाच्या भिंतीवर चढून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"एक नाही वहिनी, तीन दिसतायत. न दिसणारे वेगळे."

"पण आपल्याकडचे सगळे काढले होते ना, भावोजी?"

"गावातले काढले. वरच्या उताराला तारेचं कुंपण घातलं, लाल पाट्या ठोकल्या आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढचं वर्ष तीनदा येऊन गेलं." त्याने टेकडीच्या उघड्या पडलेल्या अंगाकडे हात केला. "आता टेकडीच खाली आली."

पाट्याही खाली आल्या होत्या. त्यातली एक शिंप्याच्या बायकोला सापडली होती आणि फळी चांगली मजबूत आहे म्हणून तिने ती कपडे आपटायला घेतली होती. तिच्यावरचा 'धोका' हा शब्द तीन दिवस साबणाने धुतला जात होता.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. निवृत्तीला त्यांचं दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढं कोणाच्या डोळ्यांवर न येता काढावं अशी त्यांची इच्छा होती. मावशींचं ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सोमवारी शाळा सुरू करायची आहे हो. पाहुणे येणार, दप्तरं वाटणार. मुलांना गल्लीच्या दाराने आत घेतलं तर?"

"आणि मधल्या सुट्टीत काय करायचं? दोरीने बांधून ठेवायचं का सगळ्यांना?"

मोठ्या बाईंनी अर्ज लिहिला. तो घेऊन दोघी मदत कार्यालयात गेल्या. कार्यालय बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यावर ओल्या कागदांचे गठ्ठे वाळत घातले होते आणि वर दोन खिडक्या होत्या. एकीवर 'आपत्ती', दुसरीवर 'युद्धोत्तर'.

आपत्तीच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. "सुरुंग आमच्याकडे येत नाहीत. युद्धोत्तरला जा."

युद्धोत्तरच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "आमची हद्द टेकडीच्या पायथ्यापर्यंत. पुरात वाहून खाली आलेलं सामान म्हणजे गाळ. गाळ त्यांच्याकडे."

"अहो, ते काय सामान आहे?" मावशी म्हणाल्या. "आणि हद्द कुठे संपते ते त्या सुरुंगांना कोणी सांगितलंय का?"

"माझ्यावर कशाला चिडता? मी नियम सांगतेय."

परत पहिली खिडकी. तिथल्या कारकुनाने गाळ काढण्याचा छापील नमुना पुढे सरकवला. त्यात गाळाची खोली फुटांत भरायची होती. कशाचा गाळ, असा रकाना नव्हता. मोठ्या बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्या खरंच भरायला लागल्या. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तो कागद बाईंच्या हातून काढून घेतला आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

आत साहेब होते. पुनर्वसनाचे अधिकारी, चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. तो गावाचा नकाशा होता. टेकडी लाल रंगवलेली, शाळा हिरवी. सोबत प्रमाणपत्र होतं, तीन वर्षांपूर्वीचं. शाळेचा परिसर तपासला असून सुरक्षित आहे. खाली शिक्का.

"हे बघा मावशी. हिरवा म्हणजे सुरक्षित."

"साहेब, तीन वर्षांपूर्वी टेकडी तिच्या जागी होती."

"तुम्ही जे पाहिलं ते डबीचं झाकण असेल. पुरात काय काय वाहून येतं."

"माझ्या दिराने पाहिलंय. तो पथकात होता."

"सध्या आहेत? त्यांच्याकडे चालू परवाना आहे?"

"परवाना नाही. बोटं पण नाहीत."

साहेब हसले नाहीत. नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पथक राजधानीहून मागवावं लागतं. त्यासाठी आधी हे क्षेत्र संशयित म्हणून जाहीर करायला हवं. ते केलं की सोमवारचा कार्यक्रम रद्द, बाहेरची मदत थांबली, आणि वर मलाच विचारणार की मग प्रमाणपत्र दिलं कसं. गाव आत्ता कुठे सावरतंय. लोकांना घाबरवू नका. अफवा पसरवणं गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत असेलच."

मोठ्या बाई खाली मान घालून जिना उतरल्या. मावशी मात्र खाली येईपर्यंत स्वतःशीच बोलत होत्या. माणूस मेला तर शांतता होती, सुरुंग निघाला तर झाकण आहे. यांच्या कागदात बसण्यासाठी आम्ही मरायचं तरी कसं, ते एकदा छापून द्या.

घरी न जाता त्या थेट पाण्याच्या टँकरवर गेल्या. गावातल्या सगळ्या बायका तिथे रांगेत उभ्या होत्या. मावशींनी हंडा खाली ठेवला आणि जे पाहिलं ते सांगितलं. जास्त नाही, कमी नाही.

"सोमवारी मी फाटकाला कुलूप घालणार आहे. तुम्ही तुमच्या पोरांचं काय ते ठरवा."

शिंप्याच्या बायकोने विचारलं, "ती पाटी मी परत कुठे लावू?"

"फाटकावर," मावशी म्हणाल्या.

रविवारी मांडव घालणारे आले. पाच गडी, बांबू, पहारी आणि एक मुकादम. मैदानात चौदा खड्डे खणायचे होते. मावशी फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. मुकादम आधी तडकला. आम्हाला काम दिलंय, तुम्ही कोण अडवणाऱ्या, वगैरे. मावशींनी वाद घातला नाही. त्याला भिंतीवर चढवलं आणि दिराने दुरून काठीने ती कड दाखवली. मुकादम भिंतीवरून उतरला तेव्हा त्याचा आवाजही उतरला होता.

"आम्हाला कोणी काही बोललं नाही," तो म्हणाला. मग आपल्या गड्यांकडे वळला. "पहारी गाडीत टाका. आधी पहारी."

सोमवारी दहाला पांढऱ्या गाड्या आल्या. मागच्या गाडीत पाहुणे, एक छायाचित्रकार आणि दप्तरांची पोती. समोर मांडव नाही, खुर्च्या नाहीत, फाटकाला कुलूप, त्यावर साबणाने धुऊन फिकी पडलेली लाल पाटी. रस्त्याच्या पलीकडे साठ-सत्तर बायका, प्रत्येकीने आपापलं मूल दंडाला धरलेलं. कोणी घोषणा देत नव्हतं. मावशी फाटकाशी, शेजारी दीर. आणि ज्या येणार नाहीत असंच मावशी धरून चालल्या होत्या त्या मोठ्या बाईही आल्या होत्या, पर्स पोटाशी धरून.

साहेबांनी पाहुण्यांना गाडीतच थांबायला सांगितलं आणि ते एकटे पुढे आले. आजही आवाज मऊच होता.

"मावशी, कुलूप काढा. ही सरकारी मालमत्ता आहे."

"काढते की," मावशी म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला झाल्या. "या साहेब. जागा हिरवी आहे. हातपंपापर्यंत जाऊन या. तुम्ही आलात की तुमच्यामागे सगळी पोरं सोडते."

साहेबांनी मैदानाकडे पाहिलं. वाळलेला गाळ, त्यावर चिमणीसुद्धा नव्हती. पलीकडच्या बायका बघत होत्या. गाडीच्या काचेतून पाहुणे बघत होते.

मग साहेब मागे वळून आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "जरा आत जाऊन पंप चालू आहे का बघून ये."

मावशींना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, केस पिकलेला माणूस होता. तो दोन पावलं आला. फाटकाच्या चौकटीशी थांबला. पाटी वाचली. मग त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"साहेब, माझ्या मुली इथेच शाळेत होत्या," तो म्हणाला. "लढाईच्या आधी." आणि तो रस्ता ओलांडून बायकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

साहेब किल्ली हातात घेऊन उभे होते. शेवटी मोठ्या बाई पुढे झाल्या.

"तुम्ही आत्ता, सगळ्यांसमोर, आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवलंत. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. आता फोन करा."

साहेबांनी फोन केला.

पथक गुरुवारी आलं. वरातीमागून घोडं, पण आलं. तीन दिवस ते गुडघ्यांवर बसून मैदान इंच इंच तपासत होते. नऊ सुरुंग निघाले. दोन हातपंपाच्या ओट्याला लागून. एक व्हरांड्याच्या पायरीपासून चार पावलांवर. मावशी त्या चार पावलांवरून दोनदा गेल्या होत्या, जाताना आणि येताना. दिराने ते मोजून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या भावोजी. काही हिशेब न केलेलेच बरे."

रविवारच्या वर्तमानपत्रात बातमी आली. प्रशासनाच्या दक्षतेमुळे मोठी दुर्घटना टळली. साहेबांचं छायाचित्र होतं, मागे मैदान आणि पथक. आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्या दिवशी मावशींना एक लिफाफा मिळाला. सरकारी जागेला विनापरवानगी कुलूप लावून कार्यक्रमात अडथळा आणला, सात दिवसांत खुलासा करावा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी लिहून देते खुलासा. चांगला कडक लिहिते."

"थांबा जरा. आधी शेतांचं बघू."

कारण पथक शनिवारीच परत गेलं होतं. आदेशात 'शाळा' लिहिलं होतं, म्हणून त्यांनी शाळा तपासली. तोच गाळ खालच्या चाळीस शेतांत पसरला होता आणि आदेशात शेतं नव्हती. पथकाचा प्रमुख दिराला ओळखत होता. जाताना त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मला दिसतंय रे सगळं. पण मला पाठवलं तर पाहिजे."

दिराने आणि बायकांनी दगड लाल रंगवून बांधावर मांडले. रंग संपला तेव्हा विटांचा चुरा कालवला. तरी मंगळवारी सकाळी शिंप्याची गाय दावं तोडून शेतात गेली. आवाज सगळ्या गावाने ऐकला. बायका घरातून धावत निघाल्या त्या आपापल्या माणसांची नावं घेत. गाय आहे असं कळल्यावर काही जणी तिथेच मटकन बसल्या. गायीवर रडावं की सुटलो म्हणावं, हे शिंप्याच्या बायकोला कळेना. ती दोन्ही करत होती.

त्या दिवसापासून मावशी रोज दुपारी, शाळा झाडून झाल्यावर, कार्यालयात जाऊन बसू लागल्या. एकट्या नाही. पहिल्या दिवशी अकरा बायका, दुसऱ्या दिवशी तीस. निम्म्या 'आपत्ती'च्या खिडकीखाली, निम्म्या 'युद्धोत्तर'च्या. विणकाम आणत, भाज्या निवडत, बाळांना पाजत. कारकून म्हणाला, इथे गर्दी करू नका. मावशी म्हणाल्या, "आमची हद्द कुठे संपते ते तुमच्या नकाशात बघा ना." पाचव्या दिवशी युद्धोत्तरच्या खिडकीतल्या बाईंनीच आतून एक नवा नकाशा आणला, पेन्सिल मावशींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "गाळ कुठवर आलाय ते तुम्हीच काढून द्या. मी आजच पाठवते."

मावशींना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांनी दिराला बोलावलं, दिराने प्रत्येक शेताच्या मालकिणीला. दोन तास बायका त्या टेबलाभोवती उभ्या राहून वाद घालत होत्या, माझी विहीर इथे नाही, जरा वर आहे. त्या दुपारी गाळाची खरी हद्द पहिल्यांदा कागदावर आली. ती टेकडीपासून नदीपर्यंत होती.

पथक पुन्हा आलं, तेव्हा पेरणीची वेळ टळली होती. शेतांत बावीस निघाले.

सात दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. मोठ्या बाईंनी लिहिलेला खुलासा दीड पानांचा होता. मावशींनी तो पूर्ण वाचून घेतला, चांगला आहे म्हणाल्या, आणि सही करायच्या आधी एक ओळ वाढवायला सांगितली: यापुढे शाळेत कोणताही धोका दिसल्यास मी पुन्हा कुलूप लावीन.

"हे नका हो लिहू," मोठ्या बाई म्हणाल्या. "उगाच आणखी डोळ्यांवर येईल."

"लिहा," मावशी म्हणाल्या. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं.