ऑरिन थेअरचा अर्ज

व्हर्ना गेल्याचं गावाला कळलं ते जानेवारीतल्या एका बुधवारी, सकाळी साडेनऊला, पोस्टात. ऑरिन थेअर रोजच्यासारखा टपाल न्यायला आला होता. खिडकीमागच्या एव्हिसने विचारलं, "काय म्हणतेय व्हर्ना? हॉस्पिटलातून कधी आणतोयस?"

"नाही आणत. काल दुपारी गेली ती," ऑरिन म्हणाला आणि त्याने हात पुढे केला, कारण बियाण्यांचा कॅटलॉग अजून एव्हिसच्या हातात होता. कॅटलॉग व्हर्नाच्या नावाचा होता.

एव्हिस खिडकी बंद करून बाहेर आली आणि त्याच्याजवळ नुसती उभी राहिली. तिच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत पोस्टाची खिडकी वेळेआधी बंद झाली ती तेवढीच.

मग दीड महिना गावाने त्याला सांभाळलं. रस्त्यावरचा बर्फ कोण ढकलून जायचं ते त्याला कळायचंही नाही. फेब्रुवारी सरत आला तसं लोक आपापल्या कामाला लागले, आणि ते बरोबरच होतं. रात्री सगळं गोठायचं, दिवसा उन्हात छपरावरून पाणी गळायचं. मेपलच्या झाडांत रस चढतो तो याच दिवसांत. ऑरिनने दीडशे झाडांना बादल्या टांगल्या.

चाळीस वर्षं तो रस गोळा करून आणायचा आणि व्हर्ना गुऱ्हाळात काहिलीपाशी उभी राहून तो आटवून त्याचा पाक करायची. आता दोन्ही कामं त्याच्याकडे आली. कामाचं काही नव्हतं. पण बादली रिकामी करताना तो म्हणायचा, "आज बरा आलाय गं," आणि आपण कोणाशी बोलतोय ते मग त्याच्या लक्षात यायचं. असं एका दिवसात चार वेळा झालं. त्याला वाटलं, ऐकायला कोणीतरी हवं, नाहीतर आपलं काही खरं नाही.

वीस मैलांवर प्राण्यांचा निवारा होता. तिथे हेझल नावाची कुत्री होती, सात वर्षांची, लांब कानांची, एक कान फाटलेला. वय झालेलं म्हणून तिला कोणी नेत नव्हतं. ती पिंजऱ्यातून बाहेर आली, ऑरिनच्या पायाला सगळं अंग टेकवून उभी राहिली आणि तिने एक मोठा श्वास सोडला. तिथेच ऑरिनचं ठरलं.

निवाऱ्याच्या मिस पेल्कींनी त्याला चार पानी अर्ज दिला. ऑरिनने घरी टेबलाशी बसून तो पेनने भरला, एकेका प्रश्नाला खरं उत्तर देत. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मिस्टर थेअर, दहावा प्रश्न. आधीचा कुत्रा कसा गेला. तुम्ही लिहिलंय, 'बंदुकीने. मीच.'"

"हो."

"हे खरं आहे?"

"खोटं कशाला लिहीन?"

"आणि चौदावा. तुम्हाला काही झालं तर कुत्रीला कोण बघेल. तुम्ही लिहिलंय, 'कोणी नाही.'"

"मी एकटाच आहे बाई."

"अहो, असा अर्ज मी समितीपुढे नेऊ कसा? त्या कुत्र्याचं काय झालं ते तरी सांगा."

"रस्ता चिखलाने बंद होता," ऑरिन म्हणाला. त्याहून जास्त त्याला सांगता आलं नाही. वर डोंगराकडची माणसं आपल्या जनावराचे हाल आपणच थांबवतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

"तुमच्याबद्दल कोणी चार शब्द लिहून देईल का?"

"लोकांनी आधीच पुष्कळ केलंय."

"मग मला नाही म्हणावं लागेल," मिस पेल्की म्हणाल्या. त्यांचा आवाज काही खुशीत नव्हता. "पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबते. तोवर हेझलला न्यायला दुसरं कोणी आलं नाही तर."

दुसऱ्या दिवशी पोस्टात एव्हिसने काय झालंय असं विचारलं म्हणून त्याने तिला सांगितलं. तिने विचारलं नसतं तर तो बोलला नसता.

मार्चचा पहिला मंगळवार गावसभेचा. सगळं गाव शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांवर बसतं आणि हात वर करून गावाचा कारभार ठरवतं. त्या वर्षी रस्ता सपाट करायचं यंत्र नवं घ्यायचं की जुनंच ओढायचं यावर दीड तास गेला. मग अध्यक्षांनी विचारलं, "इतर विषय?" आणि एव्हिस उठली.

"ऑरिन थेअर कुत्री पाळायला लायक माणूस आहे, असं या सभेने ठरवावं," ती म्हणाली आणि तिने सगळी हकीकत सांगितली. ऑरिन मागच्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली.

"मी विरोधात," फ्लॉइड गोकी म्हणाला. ऑरिनच्या जमिनीला लागून त्याचं शेत. "याच्या आधीच्या कुत्र्याने, त्या टकने, माझ्या तीन कोंबड्या खाल्ल्या."

"दोन," ऑरिन म्हणाला. "तिसरी कोल्ह्याने नेली."

"कोल्ह्याला विचारून आलास वाटतं."

हॉल हसला. मग कोपऱ्यातून म्हातारे डॉक्टर लॅम्सन काठीवर भार देत उभे राहिले. जनावरांची डॉक्टरकी सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती.

"टकच्या वेळी मी खाली पुलापाशी चिखलात रुतलो होतो," ते म्हणाले. "कुत्रा चौदा वर्षांचा, रात्रभर ओरडत होता. ऑरिनने मला गाडीत दोनदा फोन केला. दुसऱ्या खेपेला मीच म्हणालो, बाबा, माझी वाट बघू नकोस, थांबव त्याचे हाल. तो निर्णय माझा. त्याने अर्जात माझं नाव घातलं नाही, कारण त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याला कशाला गोवायचं." ते खाली बसले. "मूर्ख आहे तो. पण कुत्रा द्यायला हरकत नाही."

"राहिला चौदावा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "याला काही झालं तर कुत्रीला कोण बघेल?"

कोणी बोलायच्या आत फ्लॉइडने हात वर केला.

"लेका, तू तर विरोधात होतास," एव्हिस म्हणाली.

"कोंबड्यांपुरता. कुत्रीने माझं काय वाकडं केलंय?"

मग मत घेतलं. ऑरिनने वर पाहिलं नाही, पण सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या ते त्याला ऐकू आलं. सभेच्या कागदात यंत्राच्या ठरावाखाली त्याचा ठराव लिहिला गेला आणि त्यावर गावाचा शिक्का बसला. त्याला उठून काहीतरी बोलायचं होतं. सभेनंतरची जेवणं झाल्यावर तो शाळेच्या स्वयंपाकघरात गेला आणि शिजवलेल्या घेवड्याची सगळी पातेली त्याने एकट्याने घासली. त्याला कोणी अडवलं नाही.

मिस पेल्कींनी कागद दोनदा वाचला. "समितीला मी काय सांगू? अख्ख्या गावाची हमी आहे म्हणून?"

"तसंच लिहिलंय त्यात," ऑरिन म्हणाला.

घर बघायला त्या स्वतः आल्या. गाडी पुलापाशी ठेवून त्या चिखल तुडवत वर चढल्या. गुऱ्हाळात चुलाणापाशी उभं राहून कपभर गरम पाक प्यायल्या आणि शनिवारी हेझलला घेऊन जा म्हणाल्या.

आता ती त्याच्या मागे मागे झाडांतून फिरते. तो "आज बरा आलाय" म्हणाला की थांबून त्याच्याकडे बघते. पहिल्या पाकाच्या बरण्या त्याने घरोघर पोचवल्या. फ्लॉइडला दोन दिल्या. सगळीकडे दारात ठेवून तो परत फिरला.

डोंगरावरची जमीन अजून गोठलेली आहे. व्हर्ना दफनभूमीच्या दगडी खोलीत आहे, हिवाळ्यात गेलेली सगळी माणसं असतात तशी. मे महिन्यात खणता येईल तेव्हा तिला पुरायला गाव जमेल, आणि तेव्हा आपण सगळ्यांचे आभार तोंडाने मानायचे असं ऑरिनने ठरवलंय. काय म्हणायचं ते अजून त्याला सुचलेलं नाही.