टापटीप

"हनुवटी वर कर. आणि बोलू नकोस, बोललीस की गळा हलतो."

"मी कुठे बोलतेय?"

"हे काय मग?"

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई आरशासमोर स्टुलावर बसल्या होत्या आणि यजमान समोर गुडघे टेकून त्यांच्या शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावत होते. मालाच्या गोदामात एकतीस वर्षं पॅकिंग केलेला माणूस. बोटं अशी जाड, की मोत्यासारखं बटण त्यात दिसेनासं व्हायचं. सुरुवातीला एवढ्या सहा बटणांना त्यांना वीस मिनिटं लागत आणि दोघंही चिडत. आता आठ मिनिटांत काम होत होतं. कानातले घालताना मात्र अजूनही त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

बाईंचा उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या थरथरत होता. हे दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे बरं होण्यातलं नाही हेही सांगितलं. गोळीचा अंमल अकराच्या सुमाराला चढायचा आणि दोन-अडीचला उतरायचा. बाईंनी सगळा दिवस त्या तीन तासांभोवती बेतून घेतला होता. सह्या, शिक्के, लिहिणं सगळं त्या वेळात. उरलेला वेळ हात रजिस्टरखाली दाबून ठेवायचा आणि चेहरा हसरा ठेवायचा. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ते आठ महिने त्यांना स्वागताच्या काउंटरवरच काढायचे होते. बाकी काही मागणं नव्हतं त्यांचं.

"आज वरच्या ऑफिसातल्या मॅडम येणार आहेत," त्या म्हणाल्या.

"माहितेय. चार दिवस तेच ऐकतोय." यजमानांनी निळा रेशमी स्कार्फ उचलला. काउंटरवर बसणाऱ्याच्या गळ्यात तो हवाच, असा कंपनीचा नियम. गेल्या आठवड्यात तो दुपारी चार वाजता सुटला होता, आणि बाई पाव तास स्वच्छतागृहात स्वतःशी झटापट करत उभ्या राहिल्या होत्या. "आज नाही सुटायचा. अशी गाठ मारतो, की भूकंप झाला तरी जागची हलणार नाही."

त्यांनी खरोखरच तशी गाठ मारली. दिसायला सुरेख, चपटी, बरोबर मधोमध. बाईंनी आरशात पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःचं रूप आवडलं.

पाण्याचे मीटर बनवणाऱ्या त्या कंपनीत बाईंच्या नजरेला साहेबसुद्धा वचकून असत. ती नजर बुटांपासून सुरू व्हायची आणि सावकाश वर चढायची. पट्टा आणि बूट एका रंगाचे नसले की तिथे थांबायची. नखं, मनगटावरचं घड्याळ, शर्टाची इस्त्री, काही सुटायचं नाही. बोलत फारशा नसत. माणूस आपणहून ओशाळून शर्ट खोचायचा. आलेला माणूस मीटर नंतर बघतो, आधी आपल्याला बघतो, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी होतं आणि त्यावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती.

अशा बाईंच्या हाताखाली तीन महिन्यांपूर्वी स्टोअरमधला लंबू आणून बसवला, तेव्हा त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. चाळिशीचा, सहा फुटांचा, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, खिशावर शाईचा डाग. गुंडाळून ठेवलेला तंबू नुसता उभा केल्यासारखा दिसायचा. निम्मं स्टोअर बंद झालं म्हणून त्याला काउंटर शिकायला पाठवलं होतं. कुणाची जागा घ्यायला शिकतोय, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती.

बाईंनी त्याला शिकवलं मात्र मन लावून. काम त्यांच्या हाती आलं की ते वाईट करणं त्यांना जमतच नसे. बाह्या वाढवून आणायला लावल्या, स्पंजाच्या तळव्याचे बूट बदलायला लावले.

"पण बाई, मोजे कुणाला दिसतात?" त्याने एकदा कुरकुरत विचारलं होतं.

"बसल्यावर दिसतात. आणि तुम्ही दिवसभर बसणार आहात."

त्या दिवशी पावणेदहाला बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. तेही अलीकडे व्हायला लागलं होतं. खोकला थांबेना. गळ्याची शीर फुगली आणि स्कार्फ आवळल्यासारखा झाला. त्या काउंटरमागच्या टपालाच्या खोलीत शिरल्या आणि गाठ ओढली. गाठ सुटायच्या ऐवजी घट्ट झाली. आणखी ओढली, आणखी घट्ट झाली. हात तर असे उडत होते, की बोटं गाठीवर टेकेनात. श्वास अपुरा पडायला लागला तसं त्यांचं अवसानच गळालं.

"बाई, पाहुण्यांचे बॅज..." लंबू दारात थबकला. मग दोन ढांगांत आत आला. "ओढू नका! हात खाली घ्या. खाली घ्या म्हणतो ना."

सव्वीस वर्षांत बाईंशी त्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने हात खाली घेतले. त्याने वाकून गाठ निरखली.

"ही तर गासडीची गाठ," तो म्हणाला. "आमच्याकडे माल यायचा ना, त्याच्या गासड्यांना असायची. ओढाल तेवढी आवळणार. आधी टोक आत ढकलायचं... असं... आणि मग..."

स्कार्फ अलगद सुटला. बाई खुर्चीवर बसल्या आणि नुसता श्वास घेत राहिल्या. लंबू हातातला स्कार्फ उलटसुलट करून बघत होता.

"पण ही तर समोर बसून कुणीतरी..." तो बोलता बोलता थांबला. त्याने त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते लपवायला तिथे रजिस्टर नव्हतं.

"आमचे यजमान गोदामात होते. पॅकिंगला."

"हां," तो म्हणाला. "पक्का माणूस. एवढी चपटी गाठ आमच्याकडे कुणाला येत नव्हती."

बाईंना रडू आवरेना. नाक लाल होईल, पाहुणे येतील, हे कळत असूनही आवरेना. "साहेबांना सांगणार का?"

"काय सांगायचं? स्कार्फ घट्ट झाला होता, हे?" त्याने खिशातून रुमाल काढून दिला. स्वच्छ आणि चौकोनी घडी घातलेला होता. "मी बांधून देतो परत. कसा बांधायचा तेवढं सांगा."

सव्वादहाला पाहुणे आले. वरच्या मॅडम, त्यांच्याबरोबर दोघं, आणि मागे हात बांधून आपले साहेब. त्या कंपनीत पाहुण्याचा बॅज हातात द्यायची पद्धत नव्हती. काउंटरवरच्या माणसाने उठून पुढे यायचं आणि तो पाहुण्याच्या कोटावर स्वतः टाचायचा, अशी पहिल्या मालकांनी घालून दिलेली रीत. बाईंनी हजारो बॅज टाचले होते. कुणाला कधी टाचणी टोचली नव्हती. आज त्यांनी गोळी तासभर आधी घेतली होती आणि तिच्यावर सगळी भिस्त ठेवली होती.

त्या उठल्या, बॅज उचलला, पुढे झाल्या. "नमस्कार मॅडम, स्वागत आहे आपलं." आवाज खणखणीत. हात कोटापासून चार बोटांवर आला आणि टाचणीचं टोक हवेत थरथरायला लागलं.

मॅडम साहेबांशी काहीतरी बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. साहेबांचं होतं. लंबू शेजारी उभा होता, दोन्ही हात सरळ खाली. त्याला दिसत होतं, पण त्याने हात पुढे केला नाही. बाईंनी मागितल्याशिवाय तो करणार नव्हता. आणि तो करणार नाही, हे बाईंना कळलं. आपण एक क्षणही आणखी ताणलं, तर मॅडमच्या छातीत टाचणी जाईल, हेही कळलं.

त्यांनी हात खाली घेतला.

"मॅडम, हे आमचे नवे सहकारी. बॅज आजपासून हे लावतील," त्या म्हणाल्या आणि बॅज लंबूच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो लावला. डाव्या बाजूला, वरच्या बटणापासून चार बोटं, अगदी ओळंब्यात. शिकवला होता तसाच. मॅडम हसून पुढे गेल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि म्हणाले, "खाली रेकॉर्ड रूममध्ये जरा निवांत असतं, बाई. लिहायचं काम नाही." बाई बरं म्हणाल्या.

घरी गाठीचं ऐकून यजमान म्हणाले, "माझ्यामुळे झालं म्हणजे."

"नाही हो. गाठ सुटलीच होती. बॅज माझा मी दिला."

"द्यायचा कशाला? आठ महिने तर राहिले होते."

"सव्वीस वर्षांत कुणाला टोचली नाही. आता टोचायची?"

यजमानांनी त्यांचा तो उडणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चहा गार होईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी सकाळी यजमानांनी कपाटातून बिनबटणाचा सैल झगा काढून ठेवला. तळघरात कोण बघणार आहे, म्हणाले. बाईंनी तो घडी करून परत ठेवायला लावला. बटणं सहाच्या सहा लावून घेतली.

रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत फायली होत्या, एक टेबल होतं आणि उंचावर एक अरुंद खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसायचे. नऊला दहा कमी असताना जिन्यात पावलं वाजली. लंबू आला आणि टेबलासमोर ताठ उभा राहिला. गळ्यात निळा स्कार्फ.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. वर जाऊन बसण्याआधी तुम्ही एकदा बघून घ्या."

बाईंनी पाहिलं. बूट ठीक, पट्टा ठीक, नखं ठीक. "कॉलर. मागून वर राहिलीय."

तो स्वतः नीट करू शकला असता. त्याने केली नाही. गुडघ्यात वाकला आणि मान पुढे केली. बाईंनी हात उचलला. तो भलतीकडेच गेला, परत आला, कॉलरवर टेकला आणि घसरला. वर काउंटरवरचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. लंबू तसाच वाकून उभा होता.

"झालं," बाई शेवटी म्हणाल्या. "जा आता."