धुतलेली गोधडी

नीलिमाने ओली गोधडी गॅलरीच्या दांडीवरून खेचली आणि नाकाला लावली. लिंबाचा वास. बाटलीतल्या साबणाचा, खोटा. तिने गोधडी उलटी केली, कोपरे हुंगले, शिवणीत नाक खुपसलं. दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"निथळू दे की," आतून सासूबाई म्हणाल्या.

इंदुताई बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत होत्या. साडीचा घोळ भिजलेला. पाच दिवसांवर घट बसायचे होते. घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुवायची, हे त्यांनी गावाकडे जन्मभर केलेलं. पुनावळ्यात सातव्या मजल्यावर नदी नव्हती, म्हणून त्यांनी टबात उभं राहून गोधडी पायांनी तुडवली होती. दुखऱ्या पायांनी. अशा बाईवर ओरडायचं तरी कसं?

पलंगाखाली बयो भिंतीला चिकटून बसली होती. तेरा वर्षांची मांजर. कासारवाडीच्या गोजाबाई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पोरांनी खोलीला कुलूप ठोकलं. आईचं मांजर बाहेर राहिलं, याचं कुणाला काही वाटलं नाही. नीलिमाच्या ओळखीची दीपमाला अशी मांजरं उचलून आणायची आणि त्यांना घरं शोधायची. पिल्लांना दहा घरं मिळतात, म्हाताऱ्या मांजराला एकही नाही, असं ती म्हणाली, तेव्हा नीलिमाने मान ताठ करून हो म्हटलं होतं.

बयोबरोबर गोजाबाईंची गोधडी आली होती. ती धुवायची नाही, असं दीपमालाने तीनदा बजावलं होतं. जुन्या घराचा वास तेवढाच शिल्लक आहे, त्याच्या आधारानेच ती इथं रुळेल. नीलिमाने सगळ्या सूचना इंग्रजीत छापून फ्रिजवर लावल्या. घरात दिवसभर असणाऱ्या एकुलत्या एका माणसाला तो कागद वाचता येत नव्हता. तोंडाने सांगावं, हे मात्र तिला सुचलं नाही. महिनाभराने कुठे बयो बाहेर आली होती, गोधडीवर अंग टाकून झोपायला लागली होती.

आता ती परत पलंगाखाली गेली. वाळलेली गोधडी पुढ्यात सरकवली, तर हुंगून मागे सरली. पहिल्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाकणहून शिफ्ट संपवून आलेला नवरा, सुरेंद्र, म्हणाला, भूक लागली की खाईल, मांजरच आहे. डॉक्टरने सांगितलं, या वयात उपाशी राहिली तर लिव्हर जाईल. दीपमालाने फोनवर एक दिवसाची मुदत दिली; नाहीतर ती मांजर परत नेणार होती, पिंजऱ्यात, नळीने भरवायला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलिमा फरशीवर पालथी पडून उकडलेल्या मासळीची ताटली आत ढकलत होती. बयोने डोळेसुद्धा हलवले नाहीत. मग मात्र नीलिमाचा बांध फुटला.

"आई, तिचं सगळं घर त्या गोधडीत होतं. तुम्ही ते धुऊन टाकलंत. निदान विचारायचं तरी."

इंदुताईंनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. उठल्या, त्यांच्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात दुधाची धुतलेली पिशवी होती, दोन गाठी मारलेली. आत काहीतरी तपकिरी, लोकरीचं.

"ह्यांचा मफलर हाय," त्या म्हणाल्या. "मी हितं आले तवा तू समदं मशिनीत घातलंस. त्यांची धोतरं, माझी वाकळ. कुबट येतंय म्हणालीस. येवढं लपवलं म्हणून ऱ्हायलं."

नीलिमाला आठवलं. गेल्या वर्षीची गोष्ट, सासरे गेल्यावर सासूबाई इथं राहायला आल्या तेव्हाची. दोनदा मशीन लावलं होतं, वर तोच लिंबाच्या वासाचा साबण. सासूबाई गॅलरीत उभ्या राहून वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होत्या. खुश असतील, असं तिला वाटलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू चांगल्यासाठीच केलंवतं." इंदुताईंनी गाठ चाचपली, सोडली नाही. "उघडत न्हाई मी. उघडलं की जातंय."

त्या सावकाश फरशीवर बसल्या आणि पलंगाखाली हात घातला. बयोला शिवल्या नाहीत. नुसता हात तिथं ठेवला, तळवा वर करून.

"किती दिवस लागतात, आई?" नीलिमाने विचारलं. "जेवण जायला लागायला?"

इंदुताईंनी दुसऱ्या हाताने मफलरची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

नीलिमा सासूबाईंचं ताट उचलायला वाकली. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. वर्षभर ती रोज अर्धी भाकरी डब्यात परत ठेवत आली होती. वय झालं की भूक कमी होते, असं समजून.