जोडी फुटलेला ड्रॅगन

मी एक जुना ड्रॅगन आहे. अंगानं म्हणाल तर बैल आहे, पण पेशानं ड्रॅगन. मित्रांनो, हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

सिन्नरजवळच्या झिपरू कुंभारानं मला कच्च्या मातीतून घडवलं. पोळ्याचे बैल जोडीनं विकतात, त्यामुळे मला जन्मतःच जोडीदार होता. त्याचं एक शिंग वाकडं होतं आणि स्वभाव सरळ. नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहणाऱ्या छायाताईंनी आम्हाला घरी नेलं, कुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली. फक्त दाखवली. दुसऱ्या दिवशी मातीचे बैल बादलीतल्या पाण्यात सोडायचे, ही त्या घरची रीत. जोडीदार आधी गेला. माझी पाळी येण्याआधी छायाताईंच्या मुलीनं, प्रतिभानं, मला फ्रॉकच्या खिशात घातलं.

तिला ड्रॅगन हवा होता.

तिच्या धाकट्या भावानं, ओमनं, रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात एक खेळ होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर व्हायचं आणि शेवटी मंत्र टाकणाऱ्या महाभयंकर ड्रॅगनशी लढायचं. प्रतिभानं मला लग्नपत्रिकेचे पंख चिकटवले. एका पंखावर 'चि. सौ. कां.' होतं आणि दुसऱ्यावर 'कृपया आहेर आणू नये'. महाभयंकर व्हायला एवढं पुरलं.

ड्रॅगनचे मंत्र कोणते आणि तो हरतो कसा, ही पानं पुस्तकात नव्हती. ती आधीच शेंगदाणेवाल्याच्या पुड्यांत गेली होती. एक नियम तेवढा उरला होता: मंत्र टाकायला आवाज लागतो. मग माझा आवाज प्रतिभा झाली आणि मंत्रही तिनंच केले. पहिला मंत्र 'लोडशेडिंग'. वीर असतील तिथं अंधार. दुसरा 'पाहुणे'. वीरांनी तलवारी खाली ठेवून चहा टाकायचा. तिसरा सगळ्यांत जहाल, 'शेजारच्याला किती मार्क पडले'. ह्यानं अख्खं सैन्य जागीच बसत असे.

वीर दोनच. एक ओम आणि दुसरा शेजारच्या बिऱ्हाडातला धम्मपाल. फासे नव्हते, म्हणून डब्यातून हाऊजीचे आकडे काढायचे. जो ड्रॅगनला हरवेल त्याचा ड्रॅगन, असं प्रतिभानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी कधीच हरलो नाही. हरायची पानंच नव्हती.

मग धम्मपालच्या वडिलांची कळवणला बदली झाली. ते कारकून होते, त्यांच्याकडे कुठलाच मंत्र नव्हता.

शेवटच्या दिवशी धम्मपाल खेळायला आला तेव्हा त्याचे हात पत्र्याच्या पेट्या उचलून काळे झाले होते.

"सामान चढलं टेम्पोत," तो म्हणाला. "उद्या सकाळी निघणार."

"ताई, देऊन टाक ना त्याला ड्रॅगन," ओम म्हणाला.

धम्मपाल भडकला. "फुकट नको. हरवून नेईन."

"आला मोठा हरवणारा!" प्रतिभा म्हणाली. "घे. मंत्र, पाहुणे. तुझ्या मामाकडचे आलेत आणि दूध फाटलंय."

"काळा चहा देतो."

"त्यांना पित्त होतं."

ओम तर मार्कांच्या मंत्रानं केव्हाच बाद झाला होता. धम्मपालनं हाऊजीचा डबा बाजूला सारला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"मला ड्रॅगनशी बोलायचंय."

"बोल."

"ड्रॅगनराव, तुमचा जोडीदार कुठंय?"

प्रतिभानं तोंड उघडलं. बादलीच्या तळाशी बसलेला लाल गाळ तिनं पाहिला होता. ती धम्मपालकडे बघत राहिली. तिला उत्तर देता येईना, मंत्रही म्हणता येईना.

ओम नियमांचा कडक होता. तो हळूच म्हणाला, "ताई, आवाज नाही तर मंत्र नाही. ड्रॅगन हरला."

प्रतिभानं मला आपल्या रुमालात गुंडाळलं. "पाण्यापासून जप त्याला," एवढंच म्हणाली. पुढे त्यांनीही ते घर बदललं, असं ऐकलं.

कळवणला मी टीव्हीवर बसलो. सुरुवातीला धम्मपाल एकटाच खेळायचा. इकडून वीर व्हायचा, मग तिकडे पळत जाऊन माझा आवाज काढायचा. पण पाहुणे आलेत हे स्वतःच स्वतःला सांगितलं की भीती वाटत नाही. हळूहळू तो थांबला. त्यानंतर माझ्या वतीनं कुणी बोललं नाही. आहेराचा पंख गळाला. धम्मपाल मोठा झाला, सिन्नरच्या कारखान्यात लागला, म्हणजे माझ्याच मातीकडे गेला. त्याची आई, सिंधुबाई, मला लाइटबिलांवर ठेवू लागली. अंधार करणारा मी, लाइटबिलं सांभाळू लागलो.

काल शेजारची मनाली रडत आली. तिच्या पोळ्याच्या जोडीतला एक बैल पडून फुटला होता आणि बाजारातले संपले होते.

"मावशी, एकट्या बैलाची पूजा कशी करायची?"

सिंधुबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल लावला. "आरं, तो तुझा पंखवाला बैल हाय ना..."

"आई, तो ड्रॅगन आहे."

"बरं, ड्रॅगन. मनालीला देऊ का? तिची जोडी फुटली."

फोनमधून नुसता मशीनचा आवाज येत राहिला.

"दे," शेवटी धम्मपाल म्हणाला. "पण जोडीनंच ठेव म्हणावं."

"बैलाला कुठं पंख असतात?" म्हणत मनालीनं माझा उरलेला पंख उपटला आणि मला गेरू लावला. आता मी पाटावर उभा आहे. शेजारी नवा जोडीदार आहे. त्याची दोन्ही शिंगं सरळ आहेत, पण आता ह्या वयात मी तक्रार करत नाही. पुरणाचा वास येतोय. ह्या घरचीही रीत तीच आहे. अंगणात बादली भरून ठेवली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना ड्रॅगन असेल तर त्याच्यावरची धूळ पुसाच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला आवाज द्या. आवाज असेल तर आम्ही गावभर अंधार करू शकतो. नसेल तर कागद उडू देत नाही, इतकंच.

आणि उद्या सकाळी मनालीनं आधी मला पाण्यात सोडलं तर बरं. मागे राहणं मी एकदा करून पाहिलं आहे.