हेलिकॉप्टर दुसऱ्यांसाठी असतं

आमच्या विनरडेलच्या खोऱ्यात माणूस मरायला टेकला तरी 'जरा ठीक वाटत नाही' एवढंच म्हणतो. 'बरं नाही' म्हणाला तर शेजारी गाडी काढतात. 'मुळीच बरं नाही' असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही. तेवढं बोलायला माणूस शिल्लक राहत नाही. मला इथे येऊन वीसेक वर्षं झाली, म्हणजे मी नवाच. पण ही भाषा मलाही कळायला लागली आहे.

हॉस्पिटल डोंगरापलीकडे. रस्ता एवढा अरुंद की समोरून दुधाची गाडी आली तर एकाने मागे सरकत जन्मगावापर्यंत जावं. त्यामुळे आमची सगळी भिस्त त्या पिवळ्या हेलिकॉप्टरवर. ते सरकारी नाही. यॉर्कशायरभरच्या लोकांच्या वर्गणीवर उडतं, आणि आमच्या खोऱ्यातली वर्गणी नोरीन कीर्टन गोळा करायची. केकविक्री, सोडत, ओढ्यात सोडलेल्या प्लास्टिकच्या बदकांची शर्यत. नोरीन दारात दिसली की माणसं निमूटपणे खिशात हात घालत, कारण न घातल्यास ती चहाला थांबे.

केनेथ रॉ हा तिचा शेजारी. तो दर वर्षी तेच म्हणायचा, "त्या हेलिकॉप्टरचं एक पातं तरी माझ्या पैशाचं आहे गं. एकदा काढून घरी नेणार."

"ने की. तुझ्या गोठ्यात लाव. हवा खेळेल, तुझ्या गायी दुवा देतील."

हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की सगळे वर बघून म्हणत, "नोरीनचं निघालं." नोरीन ते दिसेनासं होईपर्यंत बघत राही. "कोण बिचारं असेल कोण जाणे," म्हणे. ते बिचारं कधी आपल्यापैकी असेल असं कोणालाच वाटत नसे. हेलिकॉप्टर दुसऱ्यांसाठी असतं.

एप्रिलमध्ये मेंढ्या वितात. त्या दिवसांत आमच्याकडे एकच धर्म: गाभण मेंढीला दचकवायचं नाही, नाहीतर ती गाभडते, पोटातलं पिल्लू जातं. कुत्री बांधून ठेवतात, फाटकं हळू लावतात, नवराबायको भांडण मे महिन्यावर ढकलतात. क्लिफर्ड, म्हणजे नोरीनचा नवरा, या बाबतीत फार कडक. त्याच्या घराखालचं शेत हाच आसपासचा एकमेव सपाट तुकडा, आणि आज-उद्या विणाऱ्या सगळ्या मेंढ्या त्याने तिथे ठेवलेल्या.

त्या सकाळी वरच्या कुरणात एक मेंढी उताणी पडली, आणि तशी पडलेली मेंढी आपली आपण उठत नाही, म्हणून तो चार चाकांची क्वाड बाइक घेऊन चढावर गेला. चहाला आला नाही. नोरीन थर्मास घेऊन बघायला गेली. बाइक उलटली होती आणि क्लिफर्ड कमरेपासून खाली तिच्याखाली होता.

पुढचं नोरीननेच मला नंतर सांगितलं, एखाद्या केकची कृती सांगावी तसं, एकही पायरी न गाळता.

"काय रे हे?"

"पडलोय. दिसत नाही?"

"दुखतंय का?"

"नाही. तेच जरा विचित्र वाटतंय."

"मी फोन करते."

"कर. पण ते तुझं विमान बोलावू नकोस हं. खाली मेंढ्या आहेत. सगळ्या गाभडतील."

"हेलिकॉप्टर आहे ते."

"असेल काहीही. केनेथला सांग ट्रॅक्टर आण म्हणून. आणि चहा ठेवून जा."

तिथे फोन लागतो तो फक्त कुरणाच्या दगडी गडग्याच्या वरच्या फाटकापाशी. ती चढून गेली. फोनच्या पलीकडे कुठल्यातरी शहरातली मुलगी होती. तिने सगळं नीट विचारलं. तिची काही चूक नाही.

"माझ्या मिस्टरांना जरा लागलंय," नोरीन म्हणाली.

"शुद्धीवर आहेत?"

"आहेत की. कुरकुर चाललीय."

"चेहरा पांढरा पडलाय का?"

"तसा रंग त्यांना कधी नव्हताच."

"कुठे अडकलेत का, अंगावर काही पडलंय?"

"बाइक आहे अंगावर. शेजारी येतोय काढायला."

मग त्या मुलीने म्हटलं, हेलिकॉप्टर पाठवावं लागेल असं वाटतंय. आणि नोरीन म्हणाली, "छे छे, ते राहू द्या. खरंच कुणाला गरज असली तर? साधी गाडी पुरे."

पंगतीत यजमानीणबाईने शेवटी बसावं, तसं ते होतं. वर्षानुवर्षं ताटं वाढलेल्या बाईने पहिला घास स्वतःच्या घरात घ्यायचा म्हणजे काय?

नोरीनचा फोन येताच केनेथ ट्रॅक्टर घेऊन निघाला, वाटेत मला उचललं. मी क्लिफर्डचे ओठ पाहिले. छपराच्या पाटीदगडासारखे करडे-निळे झाले होते. मी फाटकाकडे धावलो आणि फोनवर ओरडलो, "माणूस मरतोय, हेलिकॉप्टर पाठवा!" मी बाहेरचा. मला असं बोलायची लाज वाटत नाही.

डोंगराच्या माथ्यावरून ते पिवळं धूड आलं आणि खालच्या शेतावर घिरट्या घालायला लागलं. उतरणार कुठे? खाली मेंढ्याच मेंढ्या. नोरीन उताराने धावत सुटली. एप्रिलमध्ये फाटकाची कडीसुद्धा बोटांनी दाबून लावणारी बाई अंगातला कोट काढून गरागरा फिरवत, घसा फुटेस्तोवर ओरडत त्या मेंढ्यांच्या मागे लागली. फुगलेल्या पोटांच्या मेंढ्या धडपडत, एकमेकींवर आदळत फाटकातून बाहेर पडल्या. हेलिकॉप्टर उतरलं.

त्यातली डॉक्टर कोवळी पोरगी होती, केस रबराने बांधलेले. ती आणि तिचे सोबती पेट्या घेऊन चढ चढले. तिथेच, गवतावर, त्यांनी त्याला रक्त चढवलं. तिने सांगितलं तेव्हा केनेथने ट्रॅक्टरने बाइक उचलली.

मध्येच क्लिफर्डने डोळे उघडले. "किती गाभडल्या?"

"एकही नाही," नोरीन म्हणाली.

"आवाज तर फार होता."

"एकही नाही रे. सगळ्या ठीक आहेत."

त्याने मान हलवली. विश्वास बसला असावा. त्यानंतर त्या पोरीने बराच वेळ त्याच्या छातीवर जोर दिला, बाजूच्या माणसाने दिला, परत तिने दिला. मग ती थांबली आणि गुडघ्यांवरूनच नोरीनकडे वळली.

नोरीनने तिला बोलूच दिलं नाही. "तुम्हाला उगाच फेरी पडली गं पोरी."

डॉक्टर रडली. नोरीनने तिला स्वतःचा रुमाल दिला, आणि सगळ्यांना थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीने पाजला. पेट्या बंद होत आल्या तेव्हा कुठे तिने विचारलं, "मी पहिला फोन केला, तेव्हाच आला असतात तर?"

डॉक्टरने हातातल्या झाकणाकडे बघितलं. "नक्की सांगता येणार नाही," ती म्हणाली.

ती पोर आमच्या खोऱ्यातली नव्हती. पण 'नक्की सांगता येणार नाही' याचा अर्थ इथे काय होतो, ते नोरीनला बरोबर कळलं.

क्लिफर्डच्या अंत्यविधीला फुलं नकोत, हेलिकॉप्टरला द्या, असं कळवलं गेलं. माणसांनी इतकं दिलं की बदकांच्या शर्यतीला लाज वाटावी. केनेथने पात्याचा विनोद केला नाही.

मे महिन्यात गावच्या हॉलमध्ये हेलिकॉप्टरच्या वर्गणी समितीची सभा भरली. नोरीन येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती आली, केकचा डबा ठेवला आणि खुर्चीवर न बसता उभी राहिली.

"आज वर्गणीचं बोलायचं नाही. आज बोलायला शिकायचं आहे. एकेकाने उठायचं, फोन हातात आहे असं समजायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, माझा माणूस मरतोय. केनेथ, तू पहिला."

केनेथ टोपी चुरगाळत उठला. "आमच्या हिला जरा..."

"जरा नाही."

"हिची तब्येत थोडी..."

"केनेथ."

"अगं, ती इथे समोर बसलीय ना!" त्याच्या बायकोने मान खाली घातली होती. शेवटी तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "मरतेय."

"ऐकू आलं नाही."

"मरतेय! मरतेय ती! या लवकर!" तो ओरडला आणि धपकन बसला. त्याचे कान लाल झाले होते. बायकोने टेबलाखालून त्याचा हात धरला. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली असतील. लोकांदेखत हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग एकेक उठत गेला. आयुष्यभर 'तसं काही विशेष नाही' म्हणत आलेली माणसं, सणाचे कपडे घालून, आपापली बायको, नवरा, भाऊ मरतोय म्हणून हाका मारत होती. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर पोलीस बोलावले असते. कोणी हसलं नाही.

सगळ्यांचं झालं. नोरीन अजून उभीच होती. कोणी तिला 'तूही म्हण' असं म्हटलं नव्हतं. तिने उजवा हात कानाशी नेला.

"माझा नवरा मरतोय," ती स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली. "बाइकखाली अडकलाय. त्याला दुखत नाहीये. हेलिकॉप्टर पाठवा. खालच्या शेतात उतरा, मेंढ्या मी बाजूला करते. हो, आत्ता. लगेच."

थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, जणू पलीकडून कोणी काही विचारत होतं.

"कीर्टन," ती म्हणाली. "क्लिफर्ड कीर्टन. चढावरच्या कुरणात. मी फाटकापाशी थांबते."