टिकिट लागत नाही

बायकांले बस फुकट झाली आन् मी आमच्या घरची हमाल झाली.

माहा नवरा मोतीराम इचोड्यात क्लार्क आहे. घरी मोटरसायकल आहे, पण पेट्रोल जळते म्हणून ती चादरीखाली झाकलेली. आदिलाबादले कांदे दोन रुपयांनं स्वस्त असले का म्हणे, "तू जाय, तुले टिकिट लागत नाही." पिशव्या वाहून माहे खांदे गेले, ते त्याच्या हिशोबात नाही.

मांगच्या आठवड्यात मी तापानं फणफणली. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच बसते, पण फी घेते. मोतीराम म्हणे, "आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात जाय. बस फुकट, गोळ्याई फुकट."

"तुमी चाला ना संगं. मले उभं राहवत नाही."

"माहं टिकिट लागते ना!"

मी एकलीच गेली. गोळ्या घेतल्या आन् इचोड्याची बस सोडून बेज्जूरकडची धरली. तिथं माही पोरगी मैत्री राह्यते, शाळेत शिकवते.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "घरी कवा येशीन?"

"न्यायले या, मंग येईन."

मले वाटलं, आता तरी लाज वाटंन.

तर म्हणे, "मी काऊन येऊ? तुले फुकट आहे ना."