पाण्यावर तरंगलेली अंडी

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी रघोजींना रोज अंडी खायला सांगितली. वीज मंडळातली नोकरी रजेवर, अंगात ताप, हाडांवर नुसती कातडी उरलेली. बातमी कळताच धाकटा भाऊ कृष्णाजी धावत आला. त्या वर्षांत तंजावुरात नवेनवे धंदे उभे राहत होते. कृष्णाजीनेही नामक्कलहून लॉरीने अंडी आणून दुकानांना पुरवायची एजन्सी घेतली होती.

"अण्णा, अंड्यांची काळजी तू करू नकोस. दर रविवारी मी स्वतः आणून देतो," तो म्हणाला. रघोजींचे डोळे भरून आले. त्यांची बायको भागीरथी हिलाही बरं वाटलं. आजारपणात पाठीशी उभं राहणारं दुसरं होतं कोण?

पहिले काही रविवार ठीक गेले. मग एका सकाळी अंडं खाऊन रघोजींना भडभडून उलटी झाली. "गोळ्या कडक आहेत," ते धापा टाकत म्हणाले. भागीरथीने स्वतःसाठी दुसरं अंडं तव्यावर फोडलं, तर बलक पाण्यासारखा पसरला आणि वासाने तिला नाकाला पदर लावावा लागला.

तिरुवैयारूला तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. आई अंडी कशी पारखायची हे तिने लहानपणी पाहिलं होतं. तिने पातेलंभर पाणी घेतलं आणि उरलेली अंडी एकेक करून सोडली. ताजं अंडं तळाशी आडवं निजतं, जुनं उभं राहतं, नासलेलं वर येतं. तिची सगळी वर आली.

चुकून झालं असेल, असं तिने मनाला समजावलं. पुढच्या रविवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. दुकानदारांनी परत केलेला माल कृष्णाजी आजारी भावाच्या दारात आणून टाकत होता, हे तिला कळून चुकलं. पण नवऱ्याला कसं सांगायचं? खाटेवर पडल्या पडल्या ते येणाऱ्याजाणाऱ्याला धाकट्याचं कौतुक सांगत, तेवढाच त्यांना आधार. ती गुपचूप मागच्या परसात खड्डा करून अंडी पुरायची आणि राजवाड्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून ताजी आणून उकडायची.

ताप हटला. रघोजी चालू-फिरू लागले. एका रविवारी कृष्णाजी अंड्यांचा ट्रे घेऊन आला, तेव्हा ते त्याचा हात धरून म्हणाले, "तुझ्या अंड्यांनी मला उठवलं रे. नाहीतर इथे माझं कोण बघत होतं?"

भागीरथी दारात उभी होती. ती आत गेली, पातेलं भरून आणलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. ट्रेमधली अंडी तिने पाण्यात सोडली. सगळी वर येऊन तरंगू लागली.

"भावजी, यातलं एक तुमच्या लेकीला द्याल का?" तिने विचारलं.

कृष्णाजीने पातेल्याकडे पाहिलंही नाही. "वहिनी, फुकट आलेली अंडी पाण्यात घालून बघतात होय?"

रघोजी मात्र पाण्याकडे बघत होते. परसातल्या त्या खड्ड्यावर सतत घोंगावणाऱ्या माश्या त्यांनीही पाहिल्या असतील. ते आता काय बोलतील याची ती वाट बघत राहिली.

"भागू," मान वर न करता ते म्हणाले, "त्याची माफी माग."

तिने मागितली. कृष्णाजी ट्रे तिथेच टाकून निघून गेला. पुन्हा आला नाही. रघोजींनी त्या दिवसापासून अंडं तोंडात घातलं नाही आणि तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

वैशाखात कृष्णाजीच्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला त्याची बायको आली, ओसरीवरच रघोजींना अक्षता देऊन गेली. कुंकवाचा करंडा तिच्या हातात होता, पण भागीरथीला कुंकू लावायला तो तिने उघडला नाही. भागीरथीने नवऱ्याची नेसायची जरीकाठी वेष्टी इस्त्री करून दिली. ते एकटेच गेले, दुपार कलल्यावर परतले.

"माझी कुणी चौकशी केली?" तिने पाण्याचं भांडं पुढे करत विचारलं.

"केली की," रघोजी म्हणाले. "तुझी तब्येत बरी नसते, म्हणून सांगितलं."